कीबोर्डातली खोट

“पोरीच्या खेळन्यातलं हाय हे, मानसाच्या कामाचं न्हाई,” हे स्वतःशीच पुटपुटले. मी त्यांच्या डाव्या हाताला तेल चोळत होते, म्हणून मला ऐकू आलं. बहुतेक माझ्यासाठीच होतं.

मांडीवर उशी, उशीवर तो वीतभर कीबोर्ड आणि समोर भिंतीवरच्या टीव्हीत मोठ्या अक्षरांत नुकतीच टाईप केलेली ओळ. क, प, र, त, स अशी अक्षरं रांगेत उभी होती. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. डोक्यावर काही नाही, पायाशी काही नाही, नुसती उघडी अक्षरं.

“व्हय, बारकाच हाय,” मी म्हणाले, आणि बोटं एकेक करून ओढत राहिले.

हे म्हणजे धनराज, माझे मालक. हुलसूरच्या मेन रोडवर आमचं टायपिंगचं दुकान आहे, बाजारात यांना सगळे अण्णा म्हणतात. हुलसूर तालुका झाल्यापासून अर्ज आणि करारनामे वाढले, पण दुकानाचं नाव झालं ते लग्नपत्रिकांवर. आमच्या भागात मुलगी मराठी बोलणाऱ्या घरातली आणि मुलगा आळंदकडचा, कानडी बोलणारा, हे काही नवीन नाही. मग पत्रिका एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कानडी. दोन्ही अंगं हे एका बैठकीत करायचे. यांच्या पद्धतीत दोन्ही भाषांचा क एकाच बटनावर, त एकाच बटनावर. भाषा बदलायची, बोटं तीच. अक्षरं बहुतेक उजव्या हाताला, आणि काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला. उजवा हात अक्षर उभं करतो आणि डावा त्याला बोलतं करतो, असं हे क्लासच्या पोरींना सांगायचे. एका बोटानं कोंबडीसारखं टिपणाऱ्याला बाकावरून उठवायचे, मग तो पाटलाचा असो नाहीतर साहेबाचा. मी सातवीपर्यंत शिकलेली. त्या पोरींच्या मागं चहाचे कप गोळा करायच्या निमित्तानं उभी राहून शिकले. यांनी मला कधी शिकवलं नाही आणि कधी हटकलंही नाही. आमचा संसार बराचसा असाच झालाय.

पाडव्यानंतर यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बीदरच्या दवाखान्यात राहिलो. तोंड सरळ झालं, पाय ओढत का होईना चालू लागला. हात मात्र परक्या घरच्या पाहुण्यासारखा अंगाला लागून राहिला. डॉक्टरांनी मला आणि पोरीला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, की चालतील, बोलतील, आपल्या हातानं जेवतील, पण डाव्या बोटांच्या बारीक कामाची आशा धरू नका. परत येताना भालकीला चहाला थांबलो. यांनी काही विचारलं नाही. आम्ही काही सांगितलं नाही. चहा चांगला होता म्हणालो, तिघंही.

पल्लवी आमची एकुलती एक. हैदराबादच्या कंपनीत तिचं काम असं, की दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. चुका काढायचे पैसे मिळतात म्हटल्यावर माझ्या सासूबाई हयात असत्या तर श्रीमंत झाल्या असत्या. तिच्या अप्पांचं असं झालं म्हणून कंपनीनं तिला काही महिने घरून काम करायला परवानगी दिली. ती लॅपटॉप आणि हा कीबोर्ड घेऊन आली. हौसेनं घेतलेला, दिवसा काम आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर गेम, दोन्हीला चालणारा. त्याला वायर लागत नव्हती. प्रत्येक बटनाखाली वेगळा स्विच, दाबलं की बोटाला कळायचं की दाबलं गेलं. खाली रंगीत दिवे लागायचे ते यांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावले, देवीच्या मांडवागत दिसतंय म्हणून.

यांना खुर्चीवर फार वेळ बसवत नव्हतं, आणि दुकानातला जाडजूड कीबोर्ड मांडीवर राहत नव्हता. तेव्हा तिनं आपला कीबोर्ड यांच्या उशीवर ठेवला, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाली, याची बटनं हलकी आहेत अप्पा, यावर हात बसवा, मग दुकानात जा. तोवर अर्धा दिवस दुकान तीच उघडत होती आणि अर्धा दिवस कंपनीचं काम करत होती.

दसऱ्याच्या आधी कंपनीचा निरोप आला. दिवाळी झाल्यावर ऑफिसात हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. पल्लवी म्हणाली, अप्पा दुकानात बसले की मी जाते. हे म्हणाले, कीबोर्ड नीट लागला की मी बसतो. झालं. पोरीची नोकरी त्या वीतभर कीबोर्डाला टांगली गेली.

तक्रारी पावसाळ्यापासूनच चालू होत्या. पहिली आकड्यांची. मोठ्या कीबोर्डाला उजव्या कडेला आकड्यांचा चौकोन असतो, तो याला नव्हता. जागा वाचवायला काढून टाकलेला. ही तक्रार खरी होती. तारखा आणि मोबाईल नंबर हे त्या चौकोनावर न बघता मारायचे. पल्लवीनं आकड्यांचा सुटा तुकडा मागवला. तो उजव्या हाताचा, त्यामुळं लगेच जमला. जमला म्हणून यांनी त्याच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

मग बिनतारीपणाची. बटन दाबल्यावर अक्षर उशिरा येतं, काही काही तर वाटेतच हरवतं, म्हणाले. शेजारच्या फोटो स्टुडिओचा बंडेप्पा दुपारी गिऱ्हाईक नसलं की येऊन बसायचा. त्यानं छताकडं बघितलं आणि निदान केलं.

“घरावर पत्रा लई हाय अण्णा तुमच्या. सिग्नल पत्र्याला धडकून माघारी जायलाय.”

मांडीवरच्या कीबोर्डापासून समोरच्या लॅपटॉपपर्यंत जायला सिग्नल छतावर कशाला जाईल, हे मी विचारलं नाही. यांना त्या बोलण्यानं बरं वाटलं होतं. पल्लवीनं गुपचूप वायर जोडून दिली, त्या कीबोर्डाला तीही सोय होती. काना-मात्रा गळायच्या त्या गळतच राहिल्या. मग बंडेप्पानं वायरीला नावं ठेवली.

मग स्विच. ते बदलता येतात हे मला नवीन. पल्लवीनं चिमट्यानं एकेक बटन उपटलं, खालचा स्विच काढला आणि सगळं माझ्या पोह्यांच्या ताटात मांडलं. नवे स्विच इतके हलके, की फुंकर घातली तर दबतील. त्यानं उलटंच झालं. बोट उचलायला वेळ लागायचा, तोवर एका क ला काने चिकटायचे ओळीच्या टोकापर्यंत. मग जरा कडक स्विच आले. कडक झाल्यावर बोट टेकायचं पण दाबायचं नाही. परत क, प, र, त, स.

पल्लवीनं एकदा सुचवून बघितलं, की अप्पा, उजव्या हातानंच मारलं तर. हे तिच्याकडं बघत राहिले. कधीकाळी बाकावरून उठवलेली सगळी पोरं त्या बघण्यात होती. तो विषय तिथंच मिटला.

एका संध्याकाळी ती कीबोर्ड घेऊन स्वयंपाकघरात आली. मी भाकरी थापत होते. तिनं लॅपटॉपवर एक पान उघडलं. त्यावर कीबोर्डाचं चित्र होतं, जे बटन दाबलं ते चित्रात हिरवं व्हायचं. तिनं सगळी बटनं एकेक करून दाबली, डाव्या अंगाची दोनदोनदा. सगळा कीबोर्ड हिरवागार झाला. आम्ही दोघींनी तो बघितला. तिनं पान बंद केलं, बाहेर गेली, आणि मला तव्यापाशी तिचा आवाज ऐकू आला. ती सांगत होती की तीन-चार बटनं मध्येच दगा देतात अप्पा, कीबोर्डाच्या कंपनीला कळवते. जिला चुका शोधायचा पगार मिळत होता, ती नसलेल्या चुका शोधून बापाला नेऊन देत होती. मी भाकरी उलटली. ती करपली होती.

बोटं हलती ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून तिनं गेमही लावून दिला. गाड्यांच्या शर्यतीचा. गाडी पळवायची, थांबवायची, वळवायची ती चारही बटनं नेमकी डाव्या हाताखाली. यांचं उजवीकडं वळायचं बटन लागायचं, डावीकडचं लागायचं नाही. त्यामुळं गाडी रस्ता सोडून सारखी उजव्या हाताच्या रानात शिरायची.

“अण्णा, परत तुरीत घातलाव की,” बंडेप्पा म्हणायचा. “पीक कुनाचं हाय ते तर बगा.”

हे हसायचे. पाडव्यानंतर यांना हसताना मी तेव्हाच बघितलं, म्हणून मला तो गेम आवडायचा. मग एके दिवशी पल्लवी स्वतः दुसरी गाडी घेऊन यांच्याबरोबर खेळायला बसली. तिची गाडी मागं राहिली, यांची ठेचकाळत पुढं गेली आणि टीव्हीवर फटाके उडाले. बंडेप्पानं टाळी वाजवली. यांनी फटाके संपेपर्यंत बघितलं, मग तिच्या हातांकडं बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. परत गेम लावू नको म्हणाले. डोळे दुखतात म्हणाले.

त्याच आठवड्यात दुपारी हे झोपलेले असताना मी तो कीबोर्ड मांडीवर घेतला. पल्लवी दुकानात होती. मी यांचं नाव टाईप केलं. धनराज. मग माझं, रेणुका. मग पल्लवी. उकार, काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी आलं. बटन खाली जायचं आणि आपण होऊन बोटाला वर आणून सोडायचं. इतकी गुणी वस्तू माझ्या हाताखाली कधी आली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी वाटलं की यातलं एक तरी बटन मोडकं निघायला हवं होतं, एक तरी. मी तिन्ही नावं पुसली आणि कीबोर्ड होता तसा उशीवर ठेवला. यांचे डोळे मिटलेले होते. झोपले होते की नाही, ते मला अजून माहीत नाही.

दिवाळी झाली. कंपनीची तारीख सोमवारची होती. त्या सोमवारी सकाळी पल्लवी हौदापाशी चादर पिळत होती. दुसरं टोक मी धरलं. चादर पिळता पिळता ती म्हणाली की कळवलं मम्मी, येत नाही म्हणून. अप्पांना सांगू नको, त्यांना वाटेल त्यांच्यामुळं झालं. मी नुसती चादर पिळत राहिले. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. तिला तेव्हा थांब म्हणायला हवं होतं, फोन परत लाव म्हणायला हवं होतं. मला वाटलं अजून थोडे दिवस जातील, काहीतरी होईल. काय होईल, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

तुळशीचं लग्न लागलं आणि पत्रिकांचे दिवस आले. मुडबीचे वीरभद्रप्पा मुलीची पत्रिका घेऊन आले. मुलगी सुधारानी, जावई प्रशांतकुमार, आळंदकडचे. गावात कॉम्प्युटरवाले झाले होते तरी त्यांचा हट्ट एकच, पत्रिका अण्णांच्या हातची पाहिजे, दोन्ही भाषेत. यांनी कागद घेतला, छातीशी धरला आणि मराठीचं अंग मी करतो म्हणाले. कानडीचं पल्लवी करेल.

तीन-चार दिवस हे सकाळी बसायचे. दार ओढून घ्यायला लावायचे. आतून टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक्. झालं की पल्लवीला हाक मारायचे आणि विचारायचे, किती चुका निघाल्या. ती सांगायची, दोन-चार काना-मात्रा अप्पा, ते बटन नीट धरत नाही. हे मान हलवायचे. खरं म्हणजे ती त्यांचं केलेलं उघडायचीच बंद झाली होती. वीरभद्रप्पांचा हाताचा कागद समोर ठेवून दुकानात सगळी पत्रिका पहिल्यापासून स्वतः टाईप करायची. वाचवत नाही गं, एवढंच मला म्हणाली होती.

आमच्याकडं पत्रिका छापायच्या आधी तिचं प्रूफ मोठ्यानं वाचतात. घरातलं एक जाणतं माणूस वाचतं, बाकीचे कान देऊन ऐकतात. कारण एखादा मामा राहिला, एखादी आत्या खाली गेली, तर तो रुसवा बारशापर्यंत पुरतो. वीरभद्रप्पा वाचायला आमच्याच घरी आले. अण्णांच्या समोर वाचू म्हणाले. मी चहा ठेवला. पल्लवी दाराला टेकून उभी राहिली. हे पलंगावर उशांना टेकून बसले, मांडीवर कीबोर्ड तसाच.

वीरभद्रप्पांनी चष्मा लावला आणि पोथी वाचल्यासारखं सुरू केलं. वरती देवाचं नाव झालं. मग गाव, तालुका झाला. मग, आमची ज्येष्ठ कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सुधारानी. इथं त्यांचा आवाज जरा भरला, तसा बापाचा भरतो. मग जावई, जावयाचं गाव, मुहूर्त, मामांची नावं, आत्यांची नावं. एकही राहिलं नव्हतं. काना-मात्रा सगळ्या जिथल्या तिथं. वीरभद्रप्पांनी कागद खाली ठेवला.

“एक चूक न्हाई अण्णा. तुमचा हात पयल्यासारखाच झालाय बगा.”

“सुधारानीचं नाव मी टाकलोच नव्हतो,” हे म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. वीरभद्रप्पांना वाटलं काहीतरी राहिलंय. त्यांनी कागद पुढं केला आणि नावावर बोट ठेवलं.

“हाय की अण्णा. हे बगा, हितं.”

“हाय. पर मी टाकलो नव्हतो. मुद्दाम सोडलो. तिचं बी, जावयाचं बी, आख्ख्या दोन ओळी.” हे पल्लवीकडं बघत होते. “आन् हिला इचारलो, किती चुका. ही म्हनली, दोन-चार काना-मात्रा.”

आत चहा उतू गेल्याचा आवाज आला. मी गेले नाही. वीरभद्रप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग पल्लवीकडं, आणि उठले. गाडी उन्हात लावलीय अक्का, जरा सावलीला लावून येतो, म्हणाले. कार्तिकातलं ऊन, त्याला कोण घाबरतंय. पण ते गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.

“अप्पा, ते स्विच,” पल्लवीनं सुरुवात केली. “ते मी परत–”

यांनी उजवा हात वर केला. क्लासमध्ये गलका झाला की करायचे तसा.

“स्विचला काई झालं न्हाई. पत्र्याला न्हाई, वायरीला न्हाई. कीबोर्ड झकास हाय. एवढा चांगला मी जन्मात बगितलो न्हाई.”

मग त्याच हातानं त्यांनी डावा मनगटाला धरून उचलला आणि बटनांवर ठेवला. बोटं ठेवली तशी राहिली. टीव्हीवर एक अक्षर आलं नाही.

“बगितलाव? तुमी दोघी नावं ठेवलाव, मी बी ठेवलो. बंडेप्पाला तर निमित्तच पायजे. चार महिने समदे मिळून ह्या बिचाऱ्याला बोल लावलाव.” यांचा ओठ डावीकडं जरा ओढला गेला, पण शब्द स्वच्छ होते. “माजा हात आता येत न्हाई, पल्लवे. तू जा हैदराबादला.”